दगडाखालचा मुरूम

सेलू
६ जानेवारी २०२५

सौ. त्रिवेणीस,

दीड वर्षाने तुला लिहितो आहे, ख्यालीखुशाली विचारायला नाही. फोन करू नकोस, मी उचलणार नाही. तू फोनवर एक बोलतेस आणि चारचौघांत दुसरंच सांगतेस, हे अण्णांच्या वेळी मी पाहिलं आहे. जे असेल ते कागदावर लिहून, खाली सही करून पाठव.

काल मुंजाजीचा फोन आला. हा माणूस तीस वर्षं आपलं रान वाट्याने करतो, आजवर कोणाची चहाडी केली नाही. काल मात्र त्याला राहवलं नाही. म्हणाला, "मालक, बाईच्या शाळंतले लेकरं अव्वाच्या कोपऱ्यात खड्डा खंदायलेत. माझी नातच आत उतरली व्हती. काय काय पुरायलेत आन् परत उकरून बघायलेत. मला बघवंना म्हणून सांगायलोय."

तू या घरची धाकटी सून आहेस. अव्वाला त्या कोपऱ्यात मातीत बसवलं, हे तुला सांगायला नको. एप्रिल एकवीसमध्ये मी नांदेडला नाकात नळी घालून पडलो होतो. सख्ख्या आईला मूठभर माती द्यायला मी नव्हतो. जे केलं ते तू आणि माझ्या म्हाताऱ्या बापाने, अण्णांनी केलं. तेव्हापासून दर वर्षी मी त्या दगडाला विभूती लावतो, बेल वाहतो आणि डोकं टेकतो. तिथे तू पोरांकडून खोदकाम करून घेतेस आणि त्याला विज्ञान म्हणतेस!

तुझ्या शाळेचं कौतुक मी पेपरात वाचलं. मातीतून शिक्षण, निसर्ग हीच प्रयोगशाळा वगैरे. करा खुशाल, पण स्वतःच्या अंगणात करा. शाळेमागचा तो अर्धा एकर वाटणीत माझ्या नावावर आला आहे आणि सात-बारावर आजही माझंच नाव आहे. अण्णांकडून तू नोटरीच्या कागदावर जी सही घेतलीस ती कोर्टात किती टिकते, ते मी वकिलाला विचारून ठेवलं आहे.

आठ दिवसांत खड्डा बुजव आणि बुजवल्याचं लेखी कळव.

शिवकांत


बोरखडी, ता. सोनपेठ
११ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप अप्पांस, शरणार्थ.

खड्डा बुजवणार नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल.

तुमच्या त्या दगडापासून खड्डा पंधरा फुटांवर आहे. मुलांनी टेपने मोजून वहीत लिहिलं आहे. पुस्तकात मातीच्या थरांचं एक चित्र असतं. मुलं ते पाठ करतात, परीक्षेत काढतात आणि विसरतात. आमची मुलं शिडी लावून खड्ड्यात उतरतात. वरची काळी माती हातावर वळून बघतात, खालचा पिवळा मुरूम नखाने खरवडतात. मुरमातल्या पांढऱ्या खड्यांवर लिंबू पिळलं की फस्स करून फेस येतो, तेव्हा जी आरडाओरड होते ती एकदा येऊन ऐका. तिसरीपर्यंत वर्गात तोंड न उघडणारी मुंजाजीची नात, सृष्टी, आता पाचवीत मला दुरुस्त करते. "बाई, तुमी आधी मोजा, मग बोला," म्हणते.

पुरण्या-उकरण्याचं म्हणाल तर बांधाजवळ मुलांनी केळीचं साल, सुती चिंधी आणि वेफरचं पाकीट पुरलं आहे. दर महिन्याला काढून काय कुजलं ते बघतात. मुंजाजीला यात भानामती दिसली असेल तर माझा इलाज नाही.

दोन वर्षांपूर्वी या शाळेत नऊ मुलं होती आणि शाळा बंद करायचा कागद येऊन पडला होता. आज सतरा आहेत. त्यातली तीन पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जाणारी होती, ती परत आली. ती त्या अर्ध्या एकरामुळे आली. जमीन गेली की मुलं जातील, मुलं गेली की शाळेला कुलूप लागेल. सेलूत दुकानाच्या गादीवर बसून तुम्हाला हे दिसणार नाही.

आणि सहीचं. ती मी घेतली नाही. अण्णांनी स्वतः सरपंचांना बोलावून कागद करून दिला. मी नकोच म्हणत होते.

तुम्ही वर्षातून एकदा गाडीने येता, दहा मिनिटं दगडापुढे बसता, फोटो काढता आणि जाता. अव्वाला दोन वर्षं अंथरुणात मी भरवलं आहे. त्यामुळे अव्वाचा मान कसा राखायचा ते तुमच्याकडून शिकायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही.

त्रिवेणी


सेलू
१६ जानेवारी २०२५

मुख्याध्यापिका त्रिवेणीबाई,

पत्र मिळालं. सून म्हणून लिहिलं होतं, उत्तर मास्तरणीचं आलं. म्हणून आता तुम्हाला तुम्हीच म्हणतो.

म्हणे, नकोच म्हणत होते. अण्णांनी आयुष्यात बांधावरचं बाभळीचं झाड कोणाला फुकट दिलं नाही, आणि शेवटच्या वर्षी अर्धा एकर काळं रान शाळेला देऊन टाकलं, तेही अव्वा जिथे आहे तेच! शहाण्या माणसाला हे पटेल का? तुम्ही दिवसभर त्यांच्या उशाशी बसून काय सांगत होता ते मला माहीत नाही. पण मरताना त्यांनी काय मागितलं ते आठवतं. "मला शांतम्माशेजारी ठेवू नका. गावच्या रुद्रभूमीत चारचौघांसारखं ठेवा." पंचावन्न वर्षांचा संसार, आणि बायकोशेजारची जागा नको? कान भरल्याशिवाय माणूस असं बोलत नाही. त्या दिवशी मी तुमच्याकडे पाहिलं तर तुम्ही मान खाली घातली होती. त्यानंतर मी तुमच्याशी बोललो नाही ते त्यासाठीच.

आता माझं ठरलं आहे. महाशिवरात्रीच्या आत अव्वाची पक्की समाधी बांधायची. सोनपेठचा बन्सीधर गवंडी पुढच्या महिन्यात येईल. पाया चार फूट जाईल, वर काळ्या दगडाचा ओटा आणि चौफेर तारेचं कुंपण. कुंपण पूर्ण अर्ध्या एकराला पडेल. तुमची केळीची सालं आणि पाकिटं त्याआधी हलवा.

शिवकांत हालगे


बोरखडी
२२ जानेवारी २०२५

अप्पा,

बन्सीधरला पाठवू नका. तो दगडाजवळ कुदळ मारायला लागला तर मी सतरा मुलांना घेऊन तिथे बसेन आणि उठणार नाही. मग पोलीस आणा, नाहीतर पेपरवाले आणा.

सहा तारखेला पंधरा फुटांवरचं खोदणं तुम्हाला पाप वाटत होतं. सोळा तारखेला तुम्ही त्या जागेवरच चार फूट खोदायला निघालात. हे तुमचं मातृप्रेम! त्या दगडाला हात लावायचा नाही. ओटा नको, पाया नको, काही नको. आहे तसं राहू द्या. जमीन काढून घ्यायची तर मागची घ्या, आडाकडची घ्या, त्यासाठी मी वेगळी भांडेन. पण तो कोपरा खोदायचा नाही, एवढं ऐका. धाकट्या सुनेसारखं मी तुमचं आजवर काही ऐकलं नसेल, पण तुम्ही हे ऐका.

अण्णांबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. त्यांचे कान भरण्याइतकी माझी ताकद असती तर या घरात पुष्कळ गोष्टी वेगळ्या झाल्या असत्या.

पाचवीपर्यंतच्या सगळ्या मुलांना मी तुम्हाला पत्र लिहायला सांगितलं. पत्रलेखन अभ्यासक्रमातच आहे. सतराच्या सतरा पत्रं सोबत जोडली आहेत. आधी ती वाचा आणि मग बघू कुंपणाचे खांब रोवायला तुमचा हात कसा उचलतो ते.

त्रिवेणी


जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, बोरखडी
२१ जानेवारी २०२५

आदरणीय शिवकांत आप्पा यांस,
सृष्टीचा साष्टांग नमस्कार.

मी पाचवीत आहे. मुंजाजी माझे आबा आहेत. बाईंनी फळ्यावर लिहून दिले की आमची शाळा निसर्गरम्य आहे व आपण मोठ्या मनाने जागा द्यावी. ते मी लिहिले समजा. आता माझे लिहिते.

बाई म्हणाल्या की खड्डा दगडापासून पंधरा फूट लांब आहे म्हणून तुमच्या अव्वाला काही लागले नाही. पण आमचे आबा म्हणाले, "मातीखाली माणूस एका जागी ऱ्हात न्हाई पोरी, सरकतंय." मला लय भीती वाटली. मग मी आणि रुद्राणीने तपासायचे ठरवले. बाई म्हणतात की भीती वाटली की मोजायचे.

आमच्याकडे एका बाजूने चिरलेला लोखंडी पाइप आहे. तो जमिनीत ठोकून फिरवून वर काढला की आत मातीची कांडी येते. खड्डा न करता खालचे थर दिसतात. आम्ही जेवणाच्या सुट्टीत दगडाच्या चारी बाजूंनी पाइप ठोकला. दगडाला धक्का लावला नाही. आधी पाया पडलो. चारी कांड्यांत वर काळी माती दोन फूट दहा इंच आणि खाली पिवळा मुरूम निघाला. मधली रेघ एकदम साफ होती. मग दगडाच्या खालून तिरका पण ठोकला. तिथे पण तसेच.

हापशाजवळ जिथे पाइपलाइनची नाली खोदून बुजवली होती तिथे आम्ही मागे तपासले होते. तिथे काळी आणि पिवळी माती कालवल्यासारखी मिसळलेली आहे. बाईंनी तेव्हाच सांगितले होते की माणसाने एकदा खोदले की माती परत पहिल्यासारखी थर लावून बसत नाही, शंभर वर्षे झाली तरी कळते.

म्हणजे दगडाखाली कोणी कधीच खोदलेले नाही. तुमच्या अव्वा तिथे नाहीत. त्यामुळे आमच्याकडून त्यांना काहीच लागलेले नाही. तुम्ही काळजी करू नका.

त्या जिथे आहेत तिथे तुम्ही समाधी बांधा आणि आमचा खड्डा राहू द्या. त्यात आता मुंग्यांचे घर दिसायले आहे.

आपली विश्वासू,
सृष्टी


सेलू
२९ जानेवारी २०२५

त्रिवेणी,

सतरा पत्रं वाचली. सोळा एकसारखी आहेत. मुंजाजीच्या नातीचं वेगळं आहे. ते तू वाचलं नसणार, नाहीतर पाठवलं नसतंस. त्याची नक्कल सोबत आहे.

पहिल्यांदा वाचून हसलो. पोरीला काय कळतं, म्हटलं. दुकानात माणसं होती, वजनकाटा चालू होता. दुपारी पुन्हा वाचलं. मी पण काळ्या रानात वाढलो आहे, त्रिवेणी. आडासाठी खोदलेला एक खड्डा लहानपणी आम्ही बुजवला होता, तिथे पुढे वीस वर्षं नांगर पिवळा मुरूम वर काढायचा. पोरीने लिहिलं आहे त्यात चूक कुठे आहे ते मला सापडेना.

मग दुसरंच आठवायला लागलं. तू स्नान करून विभूती लावल्याशिवाय पाणी पीत नाहीस. वाटेत रुद्रभूमी लागली तर चप्पल काढतेस. आणि तू अव्वाच्या कोपऱ्यात पोरांना कुदळ दिलीस? तेव्हा वाटलं तुला लाज उरली नाही. आता वाटतं, तिथे काही नाही हे तुला माहीत होतं.

खोदू देणार नाही म्हणून सतरा मुलांचा आडोसा कशाला घेतेस?

माझी आई कुठे आहे?

शिवकांत


सेलू
१० फेब्रुवारी २०२५

बारा दिवस झाले. उत्तर नाही. चार दिवस आणखी थांबतो. मग मी बन्सीधरला घेऊन येतो आणि सगळ्या गावासमोर खोदतो.

शिवकांत


बोरखडी
१४ फेब्रुवारी २०२५

अप्पा,

तुम्हाला हवं आहे ना, मग घ्या. एकदाच लिहीन, परत विचारू नका.

अव्वा रानात नाहीत. अव्वाला जाळलं.

त्या आठवड्यात तुम्ही नांदेडला होता. तुमचे भाऊ शिवप्रकाश उदगीरला बँकेच्या खोलीत तापाने पडले होते, गाड्या बंद होत्या. घरात मी, अव्वा आणि एकोणऐंशी वर्षांचे अण्णा. अव्वांचा श्वास लागला तेव्हा मी एकटीने त्यांना जीपमध्ये घालून शहरात दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. दारावर रजिस्टर घेऊन बसलेल्या माणसाला मी हात जोडून सांगितलं की आम्ही लिंगायत, आमच्यात माती देतात. तो बिचारा चार दिवस झोपलेला नव्हता. म्हणाला, खड्डा करणारी माणसं मिळतील की नाही सांगता येत नाही, उद्याही नाही आणि परवाही नाही, आणि ठेवायला जागा नाही. आज नंबर लागतो आहे, सही करा. मी अण्णांना फोन लावत राहिले. लागला नाही. माझ्यामागे नऊ जण उभे होते. मी सही केली. नात्याच्या रकान्यात सून असं लिहिलं. त्या कागदावर माझ्याशिवाय कोणाचीच सही नाही, तुमची नाही आणि तुमच्या भावाची नाही.

नर्सबाईंनी अव्वांच्या गळ्यातलं इष्टलिंग प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिलं. राख उद्या न्या म्हणाले. राखेचं काय करतात ते आपल्यात कोणाला माहीत आहे? मी नेली नाही.

घरी येऊन अण्णांच्या पायाशी बसून सांगितलं. त्यांनी अव्वांचं लिंग माझ्या हातातून घेऊन स्वतःच्या गळ्यात घातलं. मग म्हणाले, "शिवकांताला हे कळलं तर त्यो तिकडंच जीव सोडंल. त्याला सांग, रानात बसवली." मी म्हटलं, अण्णा, असं कसं सांगायचं? तर माझ्यावर हात उगारला. त्यांनी माझ्यावर हात उगारला तो तेवढाच एकदा. दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही दोघांनी त्या कोपऱ्यात फावड्याने वरवरची माती ओढून ढीग केला आणि दगड ठेवला. आजाराच्या भीतीने कोणी बांधावरसुद्धा फिरकलं नाही. खाली कोणी खोदलंच नाही, म्हणून खालचा मुरूम तसाच आहे.

तुम्ही बरे होऊन आलात आणि त्या दगडाला मिठी मारून रडलात. तेव्हाच सांगायला हवं होतं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी गप्प बसले. पुढे तुम्ही समाधीची भाषा काढायला लागलात तेव्हा त्यांनी जमीन शाळेला देऊन टाकली, म्हणजे तिथे कोणी पाया खोदणार नाही. मी नकोच म्हणत होते, ते खरं होतं. आणि शेवटी त्यांनी तिच्या शेजारची जागा नको म्हटलं, कारण तिथे शेजार नव्हताच. मी कान भरले म्हणे! शेवटची दोन वर्षं त्यांच्या गळ्यात दोन लिंगं होती. तुम्ही त्यांना आंघोळ घातलीत, कधी विचारलं नाहीत. त्यांचं स्वतःचं माती देताना रीतीप्रमाणे त्यांच्या हातात ठेवलं. अव्वांचं माझ्याजवळ आहे.

खड्ड्याचं म्हणाल तर ती माझी चूक. तो कोपरा रिकामा आहे हे मला इतकं पक्कं ठाऊक होतं, की तिथे कोणीतरी आहे असं वागायचं असतं हेच मी विसरले. चार वर्षं दगडापुढे तुमच्यासोबत हात जोडले आणि डिसेंबरमध्ये मुलांना म्हटलं, इथे माती चांगली आहे, इथे खोदा.

तुमचा मला रागही येतो. सगळं मी एकटीने केलं आणि शिव्याही मीच खाल्ल्या.

आता मार्ग सांगते. काल सृष्टीला वर्गात उभं केलं आणि तिचं निरीक्षण चुकलं असं सगळ्यांसमोर सांगितलं. पाइप तिरका गेला, दगडाखाली पोचलाच नाही, म्हटलं. ती म्हणाली, "न्हाई बाई, आमी मोजलंय." मी तिला ते पान खोडायला लावलं. मुंजाजीलाही सांगितलं की पोरगी चुकली. म्हणजे आपल्या समाजात तुमची मान खाली जाणार नाही. तुम्ही समाधी बांधा. पाया रविवारी, शाळा बंद असताना खोदून घ्या. एवढं तरी मी तुमच्यासाठी केलं आहे.

त्रिवेणी


सेलू
१८ फेब्रुवारी २०२५

त्रिवेणी,

तू सही केलीस म्हणून मी तुला दोष देत नाही. त्या दारावर मी उभा असतो तर मीही तेच केलं असतं, हे लिहिताना माझा हात थांबतो, तरी लिहितो.

पण तू मला चार वर्षं दगडापुढे वाकायला लावलंस. मी रडत होतो आणि तू बाजूला बेलाचं ताट धरून उभी होतीस. अण्णा म्हातारे होते, घाबरलेले होते. तू शिकलेली बाई आहेस. अण्णा गेल्यावर तुला कोणाचा धाक होता? ते मी तुला माफ करणार नाही. शिवप्रकाशला हे माहीत असेल तर त्यालाही सांग की माझ्या दारात येऊ नको.

आणि मुंजाजीच्या पोरीला पान खोडायला लावलंस ते माझ्यासाठी, असं पुन्हा कधी लिहू नकोस. माझ्या नावावर ते खपवू नकोस. सगळ्या घरात चार वर्षांत मला एकाच माणसाने खरं सांगितलं, आणि ती दहा वर्षांची आहे, आणि ती आपल्या घरची नाही.

समाधी बांधणार नाही. बन्सीधरला नको म्हणून कळवलं. जमीन शाळेकडेच राहील, वकिलाकडून पक्का कागद करून थेट शाळा समितीला देईन. तुझं नाव त्यात कुठे येणार नाही.

अव्वाचं लिंग मुंजाजीच्या हाती पाठव. तू येऊ नकोस. याचं उत्तरही पाठवू नकोस.

शिवकांत


बोरखडी
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

चि. सृष्टीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र महिन्यापूर्वी मिळालं. उत्तराला उशीर झाला. हे पत्र तुझ्या निरीक्षणाच्या वहीतच ठेवतो आहे. वही मी तुझ्या आबांकडून मागून घेतली, विचारल्याशिवाय घेतली म्हणून रागावू नकोस.

आज शाळेला सुट्टी होती, म्हणून आलो. तुझे आबा कुदळ हातात घेईनात, म्हणून मीच खोदलं. माझं वय अठ्ठावन्न आहे आणि बरीच वर्षं मी गादीवर बसतो, त्यामुळे वेळ लागला. दगड बाजूला केला आणि त्याच्या बरोबर खाली चार फूट गेलो. काळी माती दोन फूट नऊ इंच भरली. तू दहा लिहिलं आहेस, एवढा फरक टेप धरण्यात येतो. खाली पिवळा मुरूम. मधली रेघ सरळ आणि साफ, कुठेही कालवाकालव नाही. लिंबूही पिळून पाहिलं. फेस आला.

खोदताना बांधावर बरीच माणसं जमली. आमच्या समाजाचे स्वामीही आले होते. सगळ्यांना मी सांगितलं की माझी आई इथे नाही. तिला कोरोनाच्या वेळी शहरात जाळलं आणि मला ते माहीत नव्हतं. आमच्यात जाळत नाहीत, त्यामुळे काही जण उठून गेले. तुझे आबा गेले नाहीत. माझ्याशेजारी मातीत बसून राहिले.

तू लिहिलंस की ती जिथे आहे तिथे समाधी बांधा. तशी जागा नाही, बाळ. मी शोधली असती. म्हणून आता बांधायचं काही नाही. तुमचा खड्डा राहील. माझाही खड्डा मी बुजवला नाही. त्यात उतरायचं तर शिडी लावून उतरा, कडा अजून कच्च्या आहेत.

बाईंनी तुला वर्गात उभं करून निरीक्षण चुकलं म्हटलं, ते मला कळलं. तू चुकली नव्हतीस. बाईंना ते माहीत होतं. उद्या त्या पुन्हा तसं म्हणाल्या तर हे पत्र त्यांच्यासमोर सगळ्यांना वाचून दाखव.

ते खोडलेलं पान मी पाहिलं. तू पेन्सिल दाबून लिहितेस, त्यामुळे खोडूनही अक्षरं वाचता येतात. ते पुन्हा लिहिणं तुझं काम आहे, मी त्याला हात लावला नाही. पण प्रत्येक पानाच्या तळाशी तुमच्याकडे एक चौकट आखलेली दिसली, 'दुसऱ्या कोणी तपासले'. बाकीच्या पानांवर रुद्राणीची सही आहे. या पानावरची चौकट रिकामी होती. बहुधा तिला भीती वाटली असेल.

ती मी भरली आहे. त्यात असं लिहिलं आहे:

स्वतः खोदून पाहिले. निरीक्षण बरोबर आहे.
शिवकांत चंद्रप्पा हालगे,
शांतम्माचा मुलगा.